शंकर नगरच्या रस्त्यावरची रीत : दुचाकीस्वाराच्या शिष्टाचाराचा इतिहास

दुचाकीस्वाराचा शिष्टाचार म्हणजे आपण पुढे काय करणार आहोत, याचा अंदाज रस्त्यावरच्या इतर माणसांना वेळेवर येऊ देणे आणि त्यांच्यासाठी पुरेशी जागा ठेवणे. वळण्याआधी इशारा करणे, रात्री दिवा खाली करणे, मागे बसणाऱ्याला सांभाळून नेणे, रुग्णवाहिकेला वाट देणे या सगळ्या रीती त्याच एका गोष्टीतून निघाल्या आहेत. मात्र त्या एकदम ठरल्या नाहीत. काही सायकलीच्या काळापासून चालत आल्या, काही कायद्याने घालून दिल्या, काही यंत्राच्या घडणीतून आल्या आणि काही डॉक्टरांनी अपघातांचा अभ्यास करून शिकवल्या. रायपूरच्या शंकर नगरात गाडी शिकणारा मुलगा किंवा मुलगी जे काही आज शिकते, त्यात हे सारे थर एकावर एक बसलेले आहेत.

शंकर नगर हा जुन्या रायपूरच्या पूर्वेकडे वाढलेला रहिवासी भाग. एका बाजूला तेलीबांधा, दुसऱ्या बाजूला पंडरी, पुढे खम्हारडीह आणि मोवा. भगतसिंग चौकातून शहराच्या मध्याकडे आणि नव्या वसाहतींकडे जाणारी वाहने इथूनच फुटतात. शहराच्या पोटातून जाणारा जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, पश्चिमेला दुर्ग, राजनांदगाव आणि भंडारा या गावांवरून नागपूरला पोहोचतो. या रस्त्याचे मराठी माणसाशी जुने नाते आहे. छत्तीसगड अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले, बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून कारभार केला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे १९५६ पर्यंत रायपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूरच होती. नोकरी, वकिली, शिक्षकी आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत राहिली, मग शहर वाढले तशी नव्या वसाहतींत पसरली. चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ या समाजाची आजची ओळख आहे. घरात मराठी, शेजारात छत्तीसगढी आणि चौकात हिंदी अशा तीन भाषांत इथला नवा स्वार रस्त्याचे धडे घेतो.

सायकलीचा काळ

मोटारसायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्याआधी मध्य भारतातल्या शहरांत रस्ता बैलगाडी, टांगा, सायकल आणि सायकलरिक्षा यांचा होता. डावीकडून चालण्याचा नियम ब्रिटिश अमलात रुळला होता आणि सायकलस्वारासाठी नगरपालिकांनी आणखी काही बंधने घातली होती. सायकलीला कराचा बिल्ला लावावा लागे, घंटी लागे आणि अंधार पडल्यावर दिवा लागे. हा दिवा आधी रॉकेलचा असे, नंतर चाकावर घासून वीज करणारा डायनॅमो आला. त्याचा उजेड रस्ता दिसण्यापुरता क्वचितच असे. समोरच्याला सायकल दिसावी हा त्याचा खरा उपयोग. आपल्याला रस्ता दिसतो आहे ना, एवढे पुरेसे नाही, आपणही इतरांना दिसलो पाहिजे, हा दुचाकीच्या शिष्टाचारातला सर्वांत जुना धडा या मिणमिणत्या दिव्याने दिला.

‘डबलसीट’ हा शब्दही सायकलीचाच. मागच्या कॅरिअरवर किंवा पुढच्या दांडीवर माणूस बसवून नेणे नियमात बसत नसे, पण सर्रास चाले. पोलीस दिसताच मागच्याने उडी मारून उतरायचे आणि चौक ओलांडल्यावर पुन्हा बसायचे, हे अनेक शहरांतले नेहमीचे दृश्य होते. नियम शिपायासाठी पाळायचा, ही वाईट सवयही तिथेच लागली. पुढे हेल्मेटच्या बाबतीत ती जशीच्या तशी दिसली.

कायद्याने घालून दिलेली रीत

भारतात मोटारवाहनांचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ चा. तो मुख्यतः नोंदणी आणि लायसन यांच्याभोवती फिरणारा होता. इंग्लंडमध्ये १९३१ साली ‘हायवे कोड’ ही छोटी पुस्तिका एक पेनी किमतीला निघाली आणि रस्त्यावरचे वागणे प्रत्येकाला वाचता येईल अशा सोप्या भाषेत पहिल्यांदा मांडले गेले. भारतात हे काम १९३९ च्या मोटारवाहन कायद्याने केले. त्याच्या परिशिष्टांत रस्त्यावरच्या पाट्या, वाहन चालवण्याचे नियम आणि हाताच्या खुणा यांची स्वतंत्र यादी होती. दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस न्यावा आणि तोही मागे घट्ट बसवलेल्या आसनावर, हे कलम याच कायद्यातले. आजच्या १९८८ च्या कायद्याच्या कलम १२८ मध्ये ते जवळजवळ त्याच शब्दांत आहे. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, त्याच वर्षी ‘रस्त्याचे नियम’ प्रसिद्ध झाले आणि २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या, अधिक तपशीलवार वाहन चालवण्याच्या नियमांनी घेतली.

या नियमांतल्या काही गोष्टी शिष्टाचाराच्या मुळाशी आहेत. जिथे सिग्नल किंवा पोलीस नाही अशा चौकात लहान रस्त्यावरून आलेल्याने मोठ्या रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे. दोन्ही रस्ते सारखे असतील तर उजव्या हाताकडून येणाऱ्याला वाट द्यायची. पादचाऱ्यांसाठी आखलेल्या पट्ट्यांवर पहिला हक्क पादचाऱ्याचा. घाटात रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्या वाहनाने थांबून चढणाऱ्याला जाऊ द्यायचे, कारण चढावर थांबलेले वाहन पुन्हा हलवणे अवघड जाते. रायपूरहून बस्तरकडे निघालेल्या स्वाराला केशकाल घाटात या शेवटच्या नियमाची गरज पडते. शंकर नगरच्या वसाहतींतल्या आडव्या-उभ्या गल्ल्यांत मात्र उजव्या हाताचा नियम रोज लागू होतो. नवशिक्याला तो सहसा कोणी सांगत नाही, म्हणून तो सर्वांत जास्त मोडला जातो.

हाताच्या खुणा आणि उजव्या मुठीची अडचण

कायद्यातल्या हाताच्या खुणा मोटारगाडीच्या खिडकीतून बाहेर काढलेल्या उजव्या हाताच्या हिशेबाने ठरल्या होत्या. उजवीकडे वळायचे असेल तर हात आडवा सरळ, डावीकडे वळायचे असेल तर हात लांब करून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, वेग कमी करायचा असेल तर तळवा खाली ठेवून हात वर-खाली करायचा, थांबायचे असेल तर हात कोपरातून उभा धरायचा आणि मागच्याला पुढे जाऊ द्यायचे असेल तर हात मागून पुढे झुलवायचा. सायकलस्वाराला हे सहज जमे. मोटारसायकलवर मात्र उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर असतो आणि पुढचा ब्रेकही उजव्याच हाताला. हात सोडला की वेग पडतो आणि अडचणीच्या क्षणी ब्रेक हाताशी राहत नाही. स्कूटरचा गिअर आणि क्लच डाव्या मुठीत असल्याने दुसरा हातही मोकळा नसे.

यातून दोन परिणाम झाले. बहुतेक स्वारांनी उजवीकडे वळण्याची एकच खूण ठेवली, बाकीच्या सोडून दिल्या. आणि हात दाखवण्याचे काम मागे बसलेल्याकडे गेले. पत्नी, भाऊ किंवा मित्र मागून हात बाहेर काढून ‘थांबा, आम्ही वळतोय’ असे सांगू लागला. इंडिकेटर सर्रास आल्यावर हात मोकळे झाले, पण नवी अडचण उभी राहिली. मोटारीचा इंडिकेटर वळण पूर्ण झाल्यावर आपोआप बंद होतो, दुचाकीचा बहुधा होत नाही. उजवा दिवा लुकलुकत ठेवून सरळ जाणारा स्वार मागच्याला चुकीचा अंदाज देतो, आणि चुकीचा इशारा हा इशारा न देण्याहून धोक्याचा असतो. म्हणून वळून झाल्यावर अंगठ्याने इंडिकेटर बंद करणे हा आजच्या नवशिक्याने पहिल्या आठवड्यात अंगी बाणवायचा नियम आहे. डावीकडे वळणाऱ्यांनी इशारा गरजेचा नाही असे मानण्याची सवयही सोडायला हवी; डावीकडून पुढे घुसणारी सायकल किंवा दुसरी दुचाकी त्या इशाऱ्यावरच अवलंबून असते.

यंत्राने शिकवलेली शिस्त

स्वातंत्र्यानंतर पहिली पंचवीस-तीस वर्षे दुचाकी ही मोजक्या घरांत असणारी मौल्यवान वस्तू होती. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा स्कूटर आणली. मद्रासला १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि ३५० सीसीची बुलेट देशात बनू लागली. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून जावा काढली, तीच पुढे येझ्दी झाली. एस्कॉर्ट्सने राजदूत आणली. तिची घडण पोलंडच्या एका मोटारसायकलवर बेतलेली होती आणि ती खेड्यापाड्यांत दूधवाल्यांपासून ग्रामसेवकांपर्यंत सर्वांची झाली. पुण्याजवळ आकुर्डीत बजाज ऑटोने इटलीच्या पियाजिओच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवली. तो करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ पासून स्वतःच्या नावाची चेतक बाजारात आली. तिच्यासाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्याच वर्षी अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ५० सीसीची लूना आणली. रायपूरच्या मराठी घरांत आलेल्या कित्येक गाड्या अशा रीतीने महाराष्ट्रातूनच निघालेल्या होत्या.

या यंत्रांचे स्वभाव वेगवेगळे होते आणि ते ओळखणे हाच स्वाराचा पहिला शिष्टाचार मानला जाई. बुलेट सुरू करताना डीकॉम्प्रेशनची कळ दाबून, ॲमीटरचा काटा मध्यावर आणून मग किक मारावी लागे. घाई केली तर किक उलटून पायाला मार बसे. जावाची किक पुढे फिरवली की तोच दांडा गिअरचे काम करी. चेतकचे इंजिन उजव्या बाजूला असल्याने तोल थोडा एका अंगाला झुके. सुरू झाली नाही तर ती कलती करून पुन्हा किक मारण्याची युक्ती प्रत्येक घराला माहीत होती. पेट्रोलचा कॉक ‘रिझर्व्ह’वर फिरवायची वेळ आली की पुढचा पंप गाठायचा, आणि दुसऱ्याची गाडी परत करताना कॉक पुन्हा जागेवर आणून ठेवायचा.

दुसऱ्याची गाडी मागून नेण्याच्या रीतीला तर जिवाचे मोल होते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असे. १९८० च्या दशकात आलेल्या जपानी बनावटीच्या मोटारसायकलींवर हे नेमके उलट होते. एका गाडीची सवय झालेला पाय दुसऱ्या गाडीवर अडचणीच्या क्षणी ब्रेक समजून गिअर दाबे. त्यामुळे जाणती माणसे परकी गाडी हातात घेताच आधी उभ्या जागी ब्रेक, क्लच, गिअर, हॉर्न आणि दिव्याची बटणे चाचपून पाहत, मग निघत. आता सर्व नव्या मोटारसायकलींवर गिअर डाव्या पायाला आला आहे, पण ही सवय तितकीच उपयोगी आहे. बिनगिअरच्या स्कूटरवर दोन्ही ब्रेक हातांत असतात, पायाला काहीच नसते. स्कूटरवर शिकलेली मुलगी वडिलांची मोटारसायकल घेते किंवा मुलगा आईची स्कूटर घेतो, तेव्हा तोच जुना धोका पुन्हा उभा राहतो.

मागचे आसन

भारतीय दुचाकी ही कुटुंबाची गाडी म्हणून वाढली. पुढे उभे मूल, मध्ये चालवणारा, मागे पत्नी आणि तिच्या मांडीवर धाकटे बाळ हे चित्र पुण्यात, नागपुरात आणि रायपुरात सारखेच दिसे. कायदा मागे एकालाच परवानगी देत आला आहे, पण बससेवा अपुरी आणि मोटार आवाक्याबाहेर, अशा परिस्थितीत लोकांनी तो वाकवला. त्याची किंमत लहान मुलांनी मोजली. एका बाजूला पाय टाकून साडीत बसण्याची पद्धत इतकी रूढ होती की केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मध्ये मागच्या माणसासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला आधार आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण असलेच पाहिजे, अशी तरतूद करावी लागली. बाजारात त्या आवरणाला साडीगार्ड म्हणतात. पदर, ओढणी किंवा गमछा चाकात अडकून होणारे अपघात हे त्यामागचे कारण. गाडी ‘स्टायलिश’ दिसावी म्हणून साडीगार्ड काढून टाकणारे आजही भेटतात. मागे बसणाऱ्याच्या जिवापुढे हे दिसणे कवडीमोलाचे आहे.

मागे बसणाऱ्यालाही काही रीती पाळाव्या लागतात. चालवणाऱ्याने दोन्ही पाय टेकून गाडी स्थिर धरली आणि होकार दिला की मगच बसायचे. वळणावर त्याच्याबरोबर झुकायचे, उलट्या बाजूला अंग टाकायचे नाही. अचानक हालचाल करायची नाही, उतरायचे तर सांगून डाव्या बाजूला उतरायचे. चालवणाऱ्याचे कर्तव्य असे की, मागे माणूस असताना ब्रेक लवकर आणि हळू लावायचा, खड्डा आधी पाहायचा. २०२२ मध्ये केंद्र सरकारने लहान मुलांसाठी स्वतंत्र नियम केला, तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालकाच्या अंगाशी जोडणारा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट लागते आणि अशा वेळी वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नेता येत नाही.

लूनाने या आसनव्यवस्थेत मोठा बदल घडवला. हलकी, गिअर नसलेली आणि बंद पडली तर सायकलीसारखी पायडल मारून घरी आणता येणारी ही गाडी शिक्षिका, परिचारिका आणि कॉलेजच्या मुली यांच्या हाती आली. १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने गिअर आणि किक या दोन्हींची अडचण दूर केली. मागच्या आसनावरून स्त्री पुढच्या आसनावर आली. तिला मुद्दाम कट मारून जाणारे आणि तिच्या मागे हॉर्न वाजवत राहणारे तेव्हाही होते, आजही आहेत. रस्त्यावर शिकणाऱ्या कोणालाही घाबरवायचे नाही, शिकाऊ पाटी दिसली तर अंतर राखायचे, हा नियम शंकर नगरसारख्या वसाहतीत विशेष महत्त्वाचा आहे, कारण मुली सकाळी ज्या शांत गल्ल्यांत गाडी शिकतात, त्याच गल्ल्यांतून बाकीचे घाईने शॉर्टकट मारतात.

वेग आला तेव्हा

१९८० च्या दशकात इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आणि कावासाकी-बजाज यांच्या १०० सीसीच्या गाड्या आल्या. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० या दोन्ही बाजारात उतरल्या. पहिलीने कमी पेट्रोलात जाण्याची सवय लावली, दुसरीने तरुणांना वेगाची चटक लावली. २००१ मध्ये बजाजची पल्सर आल्यावर ही चटक मध्यमवर्गीय घराघरांत पोहोचली. जुन्या स्कूटरच्या काळात गाडी आपोआपच सावकाश चाले. आता सावकाश चालणे ही स्वाराने स्वतः निवडायची गोष्ट झाली. डावीकडून ओव्हरटेक, दोन गाड्यांमधल्या फटीत घुसणे, सिग्नलला थांबणाऱ्यांच्या पुढे जाऊन पादचारी पट्टीवर उभे राहणे या सवयी याच काळात पसरल्या. बुलेटच्या सायलेन्सरमध्ये फेरफार करून फटाक्यासारखे आवाज काढणे हाही त्याच दिखाऊपणाचा भाग. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवण्याची तरतूद आहे. पण आजारी माणूस, अभ्यासाला बसलेले मूल आणि झोपलेले म्हातारे तर प्रत्येक गल्लीत असतात.

शंकर नगरचा रस्ताही याच सुमारास बदलला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी झाली आणि या भागात मंत्र्यांचे बंगले आले. वाहनांची संख्या वाढली, त्यांच्या पाट्यांवर सीजी ०४ हा आकडा आला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून रायपूरहून धमतरीकडे जाणारी अरुंद रुळांची रेल्वे शंकर नगराजवळून जाई. फाटक पडले की दुचाकीस्वार समोरून येणाऱ्यांचीही बाजू अडवून पुढे सरकत आणि फाटक उघडल्यावर दोन्हीकडचे एकमेकांसमोर अडकत, ही भारतातल्या बहुतेक फाटकांची कहाणी. शहरातला हा रूळ काढून त्याच्या जागी अटल एक्स्प्रेस वे बांधला गेला. फाटकाची वाट पाहणे संपले, पण उलट दिशेने येणे आणि जोडरस्त्यावरून न पाहता मुख्य रस्त्यावर घुसणे हे नवे दोष आले. वेगवान रस्त्याला मिळताना आधी थांबायचे, आरशात आणि मान वळवून पाहायचे, मग मिसळायचे, ही रीत रायपूरला या नव्या रस्त्यामुळे शिकावी लागली.

हेल्मेटची गोष्ट

हेल्मेटचा इतिहास इंग्लंडच्या ब्रुकलँड्स शर्यतमार्गावर सुरू होतो. तिथले डॉक्टर एरिक गार्डनर यांनी १९१४ च्या सुमारास स्वारांसाठी लाखेने कडक केलेल्या कापडी शिरस्त्राणाचा आग्रह धरला. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. केर्न्स यांनी पुढे लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास केला, १९४१ मध्ये आपले निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

भारतात १९३९ च्या कायद्यात हेल्मेटचे कलम १९७७ च्या दुरुस्तीने आले. त्याविरुद्ध न्यायालयात दादही मागितली गेली. १९८८ मध्ये अजय कानू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हेल्मेटची सक्ती संचारस्वातंत्र्यावर गदा आणत नाही. १९८८ च्या कायद्याचे कलम १२९ चालक आणि मागचा प्रवासी या दोघांनाही लागू आहे. तरीही महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, सक्तीला संघटित विरोध झाला. उकाडा, मान दुखणे, ऐकू न येणे अशी कारणे पुढे आली. रायपूरचा उन्हाळाही ४४ अंशांच्या आसपास जातो आणि गमछा किंवा स्कार्फ गुंडाळून निघणे तिथे अधिक रुळलेले आहे. गमछा उन्हापासून वाचवतो, रस्त्यावर आपटण्यापासून वाचवत नाही. केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसताना मरण पावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती, आणि त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाखेरीज दुचाकीचे हेल्मेट विकता येत नाही. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच आदळण्यात डोक्यावरून उडते. म्हणून ‘घातले’ याचा अर्थ ‘पट्टा बांधला’ असाच नवशिक्याने धरावा.

दिसणे, दाखवणे आणि अनोळखी माणसांची भाषा

१९८१ मध्ये अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने कॅलिफोर्नियातल्या मोटारसायकल अपघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मोटारसायकल आणि दुसरे वाहन यांच्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत दुसऱ्या वाहनाने स्वाराची वाट अडवली होती, आणि स्वार वेळेवर न दिसणे हे त्याचे मोठे कारण होते. पुढे अनेक देशांनी दुचाकीचा दिवा दिवसाही चालू ठेवण्याचा नियम केला. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. सायकलीच्या डायनॅमोने दिलेला धडा इथे पूर्ण झाला.

या बदलाने एका जुन्या लोकरीतीला नवे वळण दिले. भारतीय रस्त्यावर अनोळखी माणसे एकमेकांना खुणांनी सांभाळत आली आहेत. साइड स्टँड खाली राहिला तर शेजारचा स्वार पाय हलवून दाखवतो, नाहीतर ‘भैया, स्टँड!’ म्हणून ओरडतो. दिवसा दिवा चालू दिसला तर पंजा उघडमीट करून सांगितले जाई. २०१७ नंतर कित्येक महिने नव्या गाड्यांच्या मालकांना दिवसभर हीच खूण मिळत राहिली, मग हळूहळू ती ओढणी, स्टँड आणि विसरलेला इंडिकेटर यांच्यापुरती उरली. रस्त्यावरच्या सौजन्याचा हा सर्वांत सुंदर भाग आहे. कोणताही कायदा तो सांगत नाही आणि त्याने रोज कोणाचे तरी प्राण वाचतात. खूण मिळाल्यावर मान हलवून आभार मानणे आणि तीच खूण पुढच्याला देणे, हा नवशिक्याचा त्या परंपरेत प्रवेश आहे.

पावसाळ्यात या परंपरेला आणखी काम पडते. कोरडी आणि उंच जागा म्हणून जनावरे रस्त्यावर येऊन बसतात. पिके वाचवण्यासाठी गुरे आवरून धरण्याची ‘रोका-छेका’ ही छत्तीसगडची जुनी ग्रामीण प्रथा. २०२० मध्ये राज्य सरकारने त्या नावाने मोहीमही काढली. तरी रात्री शहराबाहेर निघालेल्या स्वाराला गुरे भेटतातच. पुढे गुरे असल्यास मागच्याला हाताने वेग कमी करण्याची खूण करणे, समोरून वाहन आले तर दिवा खाली करणे आणि आपल्या दिव्याच्या उजेडात थांबता येईल इतकाच वेग ठेवणे, या तिन्ही गोष्टी एकत्र चालतात.

आजचा नवशिका

दुचाकी शिकवण्याचे काम भारतात अजूनही मुख्यतः घरचेच आहे. मोटारीच्या शाळा गल्लोगल्ली आहेत, दुचाकीसाठी काका, मोठी बहीण किंवा मित्र असतो. कायद्याने शिकाऊ लायसन सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. तोवर गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा आणि शिकवणाऱ्याखेरीज कोणाला मागे बसवायचे नाही. परीक्षेत आठचा आकडा काढून तोल तपासला जातो. सौजन्य तपासायची सोय तिथे नाही, म्हणून ते घरातूनच यावे लागते. १८ वर्षांखालच्याला गिअरची गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद केली. त्याच दुरुस्तीने रुग्णवाहिकेला वाट न देण्यासाठी १०,००० रुपयांचा दंड ठेवला, हातात मोबाइल धरून चालवणे धोकादायक चालवण्यात धरले आणि जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस व न्यायालयाच्या त्रासापासून संरक्षण दिले. हे शेवटचे कलम प्रत्येक नव्या स्वाराला ठाऊक असायला हवे : अपघात दिसला तर थांबून मदत करणे ही आता भीतीची बाब राहिलेली नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बजाजने चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला दिले आणि पुढच्या काही वर्षांत अशा गाड्या शंकर नगरसारख्या वसाहतींत सर्रास दिसू लागल्या. त्यांना आवाज जवळजवळ नाही. पूर्वी गल्लीतल्या मुलाला किंवा वृद्धाला इंजिनाच्या आवाजावरून मागून गाडी येते हे कळे, आता कळत नाही. त्यामुळे पादचाऱ्याच्या पाठीमागून जाताना वेग चालण्याइतका कमी करणे, जास्त अंतर सोडणे आणि गरज असेल तेव्हाच एकदा हलका हॉर्न देणे, ही जबाबदारी स्वारावर आली आहे. बैलगाडीपासून विजेच्या स्कूटरपर्यंत यंत्र बदलत गेले तसे दिवा, हाताची खूण, आरसा, इंडिकेटर, हेल्मेट आणि हॉर्न यांचे नियमही बदलत गेले. मागणी मात्र तीच राहिली : आपण दिसावे, आपला हेतू कळावा आणि दुसऱ्याला जागा मिळावी. या तीन गोष्टी सवयीच्या झाल्या की नवखा स्वार चांगला स्वार होतो.